न्हाय म्हणायचा तास

तानूबाई : ...नखं कापा, उवा बघा, चूळ भरायला लावा, काय करायचं त्ये करा. त्येला माझी ना न्हाय. पर माझा मिसरीचा डबा माझ्या घरातनं गेला कसा, त्येवढं सांगा.

संजीवनी : आजी, आधी बसा. उन्हातून चालत आलाय. पाणी देऊ?

तानूबाई : पाणी नगं. डबा द्या.

संजीवनी : तुमचा डबा माझ्याकडं नाही.

तानूबाई : तुमच्या कपाटात नसंल, बाई. तुमच्या शिकवण्यात हाय. सकाळी उठले, तोंड धुवायला बसले, कोनाड्यात हात घातला तर कोनाडा रिकामा. सून म्हणती मी हात लावला न्हाय. पोरगा म्हणतो मला काय करायचाय तुझा डबा. मंग राहिली कोण? तुमची चौथीतली शाणी. माझी नात.

संजीवनी : राजलक्ष्मीला विचारलंत?

तानूबाई : ईचारायला गेले तर दप्तर घिऊन पळाली. च्या बी प्याली न्हाय.

संजीवनी : राजलक्ष्मी! जरा बाहेर ये व्हरांड्यात. बाकीच्यांनी वाचन चालू ठेवायचं. वैष्णवी, खिडकीतून डोकावायचं नाही.

राजलक्ष्मी : काय, बाई?

संजीवनी : आजींचा डबा कुठं आहे?

राजलक्ष्मी : गोबरगॅसच्या खड्ड्यात.

तानूबाई : अगं माझ्या कर्मा!

संजीवनी : कुणी टाकला?

राजलक्ष्मी : मी.

तानूबाई : ऐका! चांगला काठोकाठ भरल्याला डबा. परवाच बसून भाजली, कुटली, वस्त्रगाळ केली. शेणात गेली सगळी.

संजीवनी : राजलक्ष्मी, डबा कुणाचा होता?

राजलक्ष्मी : आज्जीचा.

संजीवनी : दुसऱ्याची वस्तू न विचारता टाकून द्यायची, असं मी शिकवलं का तुला?

राजलक्ष्मी : न्हाय.

संजीवनी : मग माफी माग.

राजलक्ष्मी : आज्जे, डबा टाकला, त्ये चुकलं. मिसरी टाकली त्ये न्हाय चुकलं.

तानूबाई : बघा! बघा कशी बोलती. ही माफी हाय का फौजदारी? बाई, बाजारच्या दिवशी मी हिला म्हटलं, तव्यावर तमाखू टाकलीय, जरा हलीव, मी शेरडांला पाला टाकून येती. तर म्हणती, मी भाजणार न्हाय. बरं म्हटलं, जा, दुकानातनं पुडा तरी आण. तर म्हणती, मी आणणार बी न्हाय. शेजारची वैष्णवी तिच्या आयला त्येच बोलली. पल्याडल्या वस्तीवर त्येच. सगळी पोरं एका सुरात. कुणी पाठ करून घेतलं ह्ये?

संजीवनी : मुलांनीच ठरवलं वर्गात. आणणार नाही, भाजणार नाही, लावणार नाही. तुम्ही लावू नका, असं कुणी म्हटलं का तुम्हाला?

तानूबाई : म्हटलं न्हाय.

संजीवनी : म्हणणार पण नाही. तुमचं तोंड तुमचं.

तानूबाई : आन् माझ्या नातीचं तोंड कुणाचं?

संजीवनी : तिचं.

तानूबाई : व्हय? आन् जेवायला घालायचं आमी.

संजीवनी : जेवायला घाला ना. तंबाखू घालू नका. मिसरी तंबाखूच आहे, आजी. तव्यावर काळी होईपर्यंत भाजली आणि कुटून पूड केली म्हणून तिचं दंतमंजन होत नाही.

तानूबाई : मला शिकवू नगा. तुमचं वय न्हाय तेवढी मिसरी लावलीय म्या. आन् ह्यो कसला तास काढलाय तुमी शनवारचा? गावात बाया हसत्यात. न्हाय म्हणायचा तास. कुठल्या पुस्तकात हाय ह्यो?

संजीवनी : पुस्तकात असो नसो, मी घेते. एकानं आग्रह करायचा, दुसऱ्यानं नाही म्हणायचं. शिवी द्यायची नाही, रडायचं नाही, खोटं कारण सांगायचं नाही, पळून जायचं नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघून एकदाच म्हणायचं. स्वच्छ.

तानूबाई : थोरामोठ्यांना?

संजीवनी : थोरामोठ्यांनाच. पोरं एकमेकांना तर दिवसभर नाही म्हणत असतात. त्याला तास कशाला लागतो?

तानूबाई : आमच्या येळंला सासूपुढं मान वर केली तर मान ऱ्हात नव्हती जाग्यावर. आमाला न्हाय शिकवलं कुणी न्हाय म्हणायला. काय वाईट झालं आमचं?

संजीवनी : तुम्हाला मिसरी पहिल्यांदा कुणी दिली, आजी?

तानूबाई : सासूनं. नवी नवरी व्हते, इंदापूरकडनं आल्याली. खुरपायला गेलो, ऊन डोक्यावर आलं, भाकरीचा पत्ता न्हाय. सासू म्हणाली, लाव जरा दाताला, भूक मरती. लावली.

संजीवनी : मग?

तानूबाई : मेली की भूक. अजून उठली न्हाय.

संजीवनी : आणि राजलक्ष्मीला कुणी दिली?

तानूबाई : पोरीची दाढ किडली व्हती. रडून रडून घर डोक्यावर घ्यायची. बोटाव एवढीशी घेतली, दाढंवर दाबली. निजली पोर. इख दिलं का म्या तिला?

संजीवनी : ती दाढ पडून गेली. मिसरी राहिली. राजलक्ष्मी, मधल्या सुट्टीचं आजींना सांगू का मी?

राजलक्ष्मी : मी सांगती. आज्जे, मी सुट्टीत घरी यायचे ना, पाणी प्यायचं म्हणून. मी पाण्यासाठी यायचे न्हाय.

तानूबाई : ठावं हाय मला.

संजीवनी : तुम्हाला माहीत होतं?

तानूबाई : डब्यात बोट उठायचं की. माझं बोट मोठं, ह्ये ल्हान. म्या म्हटलं, लावू दे, दात बळकट हुतील. मला तरी कवा कुणी अडवलं व्हतं?

संजीवनी : आजी, ही पोरगी सुट्टी जवळ आली की चिडायची. पुढच्या मुलीची वेणी ओढायची, डोकं धरून बसायची. वाचताना म्हणायची, बाई, अक्षरं हलतात. मला वाटलं चष्मा लागला. डोळे तपासून घेतले, चष्मा नाही. मग एक दिवस नळावर सगळ्यांना दात घासायला उभं केलं, हातात आरसे दिले, म्हटलं आपापलं तोंड आपण बघा. ओठ खाली ओढून, गाल ताणून. हिनं आरशात बघितलं आणि आरसा पालथा ठेवला. मी जवळ गेले. हिरड्या काळ्या. नऊ वर्षांच्या मुलीच्या.

तानूबाई : धुतल्यावर जात्यात.

संजीवनी : नाही जात.

तानूबाई : हे बगा बाई, लई झालं. शाळा समितीचा अध्यक्ष हिंदुराव. माझ्या सख्ख्या दिराचा पोरगा. ह्या हातानं न्हाऊमाखू घातलाय त्येला. आज जाती आन् सांगती, बाई पोरांना आमच्या अंगावर घालत्यात. बैठक घ्यायला लावती. बंद करती तुमचा तास.

संजीवनी : सांगा. बैठक घ्यायला लावाच. तिथं चारचौघांत विचारतील तेव्हाही मी हेच बोलेन.

तानूबाई : बदली करतील तुमची.

संजीवनी : करू देत. जिथं पाठवतील तिथं शनिवार असतोच.

तानूबाई : ताठा बगा! राजे, चल घरला.

राजलक्ष्मी : न्हाय.

तानूबाई : काय म्हणालीस?

राजलक्ष्मी : न्हाय, आज्जे. शाळा सुटली की येती.

तानूबाई : बघितलंत? शिकवलंत तुमी, आन् पयला वार माझ्यावरच.

* * *

राजलक्ष्मी : आज्जे, आई कुठंय?

तानूबाई : रानात. तुझा बाप बी तितंच. भेंडी तोडत्यात दोघं, उद्या सकाळी गाडी बारामतीला जायची, मार्केट यार्डात. तू चुलीपाशी बसू नगं, धूर हाय.

राजलक्ष्मी : पुडा कुणी आणून दिला?

तानूबाई : पाय हायती मला. गेले दुकानापतोर. येताना गुडघं धरत आले, पर आले. तू आणला न्हाय म्हणून माझं काय अडलं न्हाय.

राजलक्ष्मी : मी कुठं काय म्हटलं?

तानूबाई : म्हणू बी नगं. सर पल्याड. तवा तापलाय.

राजलक्ष्मी : हितंच बसती.

तानूबाई : बस. पर गप बस... काय बघतीस तव्याकडं?

राजलक्ष्मी : वास येतोय.

तानूबाई : मंग माजघरात जा.

राजलक्ष्मी : माजघरात बी येतोय.

तानूबाई : हात का दाबून धरलास मांडीखाली? दाव. दाव म्हणते ना. डोकं दुखतंय?

राजलक्ष्मी : सकाळपासनं.

तानूबाई : शाळंत खिचडी खाल्लीस?

राजलक्ष्मी : थोडी. गेलीच न्हाय.

तानूबाई : आगं मंग कशापायी जीव काढतीस? हे घे. एवढीशी. नखाव मावंल एवढी. जुनी हाय, फडक्यात बांधल्याली, गरम न्हाय. हितं बाई न्हाईत बघायला. मी कुणाला सांगत न्हाय.

राजलक्ष्मी : न्हाय.

तानूबाई : डोकं उतरंल, बाळा.

राजलक्ष्मी : उतरंल त्ये मला ठावं हाय. न्हाय.

तानूबाई : डोळ्यांत पाणी आलंय तुझ्या.

राजलक्ष्मी : धुरानं... न्हाय, धुरानं न्हाय. खोटं कारण द्यायचं नसतं. मला लई लावावीशी वाटतीय, आज्जे. म्हणून आलंय.

तानूबाई : मंग लाव की गं!

राजलक्ष्मी : म्हटलं ना एकदा.

तानूबाई : कुणावर गेलीस तू एवढी हट्टी?

राजलक्ष्मी : आई म्हणती, तुझ्यावर.

तानूबाई : तुझी आई काय बी म्हणती... उतरीवती हा तवा. तुझ्या नाकाशी कशाला जाळायची.

राजलक्ष्मी : माझ्यासाठी नको उतरवू. बाई म्हणाल्यात, तुझं तोंड तुझं.

तानूबाई : तिचं नाव काढू नगं माझ्यापुढं! मला येक सांग. तुला लावायची नव्हती, न्हाय लावायची. तुझं तोंड तुझं. मंग माझा डबा का टाकलास? माझं तोंड माझं न्हाय व्हय?

राजलक्ष्मी : सांगितलं तर ओरडशील.

तानूबाई : ओरडून झालं सकाळी. सांग.

राजलक्ष्मी : बाईंनी आम्हाला आरशात तोंड बघायला शिकवलं ना, मग म्हणाल्या, घरी मोठी माणसं हो म्हणाली तर त्यांचं बी बघा. कुठं पांढरं, लाल, बरं न होणारं काय दिसलं तर आम्हाला सांगा. मी तुला ईचारलं न्हाय. तू काल दुपारी वट्ट्यावर झोपली व्हतीस. ओठ असा खाली लोंबत व्हता.

तानूबाई : आन् तू बघत बसलीस.

राजलक्ष्मी : जितं तू मिसरी धरतीस ना, खालच्या ओठाच्या आत, तितं पांढरं हाय.

तानूबाई : ताक प्याले व्हते.

राजलक्ष्मी : मला बी आधी तसंच वाटलं. मी तुझ्या पदरानं हळूच टिपलं. ताक असतं तर गेलं असतं.

तानूबाई : आगं, म्हातारं तोंड हाय. त्यात काय काय असायचं.

राजलक्ष्मी : तू भाकरी दुधात कुस्करून का खातीस?

तानूबाई : दात गेलं म्हणून.

राजलक्ष्मी : आन् ठेचा का खात न्हाईस? आधी माझ्या ताटातला बी उचलायचीस.

तानूबाई : दात गेलं म्हटलं ना.

राजलक्ष्मी : ठेच्याला दात कशाला लागत्यात?

तानूबाई : ...लई बोलायला लागलीस तू.

राजलक्ष्मी : दाव मला. आता जागी हायस, आता ईचारून बघती. मोबाईलची बॅटरी लावती.

तानूबाई : तू काय डागदर हायस?

राजलक्ष्मी : न्हाय. म्हणून तर नुसतंच बघणार.

(तानूबाई तवा बाजूला सारते. मग तोंड उघडते.)

राजलक्ष्मी : अजून उघड.

तानूबाई : एवढंच उघडतंय आता.

राजलक्ष्मी : आधी जांभई देताना तर तुझी पडजीभ दिसायची.

तानूबाई : मिटू का?... काय दिसलं?

राजलक्ष्मी : पांढरं हायच. पार कोपऱ्यापतोर गेलंय. आन् मधी लाल. दुखतं का?

तानूबाई : दुखलं असतं तर कवाच दावलं असतं कुणाला तरी. दुखत न्हाय गं. त्येचंच भ्याव वाटतंय.

राजलक्ष्मी : म्हणजे तुला ठावं व्हतं.

तानूबाई : माझ्याच तोंडात हाय त्ये. जीभ लागती की उठता बसता.

राजलक्ष्मी : आईला का न्हाय सांगितलं?

तानूबाई : सांगून? तुझी आई लगीच दवाखाना काढंल. डागदर म्हणंल, मिसरी सोडा. माझ्या जलमात येक गोष्ट मी माझ्या मनानं, माझ्या हातानं, माझ्यासाठी केली आसंल तर ती सकाळची मिसरी. नवऱ्याला ईचारावं लागलं न्हाय, सासूनं हिसकली न्हाय. ती बी सोडा म्हणायला बसल्यात सगळे.

राजलक्ष्मी : सोड म्हणत न्हाय मी. दावून तर ये. उद्या गाडी बारामतीला जाणारच हाय. बाबा भेंडी उतरवंल, मग तुला दवाखान्यात नेईल. मी बी येती.

तानूबाई : न्हाय.

राजलक्ष्मी : आज्जे.

तानूबाई : न्हाय म्हटलं ना!

राजलक्ष्मी : ह्ये ‘न्हाय’ चालत न्हाय.

तानूबाई : का?

राजलक्ष्मी : चुलीकडं बघून म्हणालीस. माझ्याकडं बघून म्हण. मग मी गप बसती.

* * *

संजीवनी : आजी, सावकाश उतरा. ती कोपऱ्यातली फरशी हलते. तुम्ही बैठकीला येणार, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तानूबाई : मला तरी कुठं बोलावलं? तक्रार माझी, बैठक माझ्या नावावर, आन् मलाच आवतान न्हाय. असं कुठं असतंय?

संजीवनी : हिंदुराव म्हणाले, काकूंचं म्हणणं आम्हाला माहीत आहे, त्यांना कशाला त्रास.

राजलक्ष्मी : बाई, आत काय झालं? आम्हाला सगळ्यांना लिंबाखाली बसवलं व्हतं. नुसता हिंदुरावकाकांचा आवाज येत व्हता.

संजीवनी : आजींनाच विचार. मी तर खुर्चीत बसून ऐकत होते.

तानूबाई : त्यात काय सांगायचं? हिंदुराव उठला. म्हणाला, ह्या बाई चांगलं शिकवत्यात, त्यात वाद न्हाय. पर पोरं उलटी बोलायला लागल्यात. आयला न्हाय, आज्याला न्हाय. घराघरात कटकट. तवा शनवारचा तास बंद करावा, आमच्या काकूंचं बी त्येच म्हणणं हाय. म्या दारातनं म्हटलं, काकू हितं उभी हाय, हिंदुराव. काकूचं म्हणणं काकूला ईचार.

राजलक्ष्मी : सगळ्यांपुढं?

तानूबाई : सगळ्या बाप्यांपुढं. पदर सावरला न् आत गेले. म्हटलं, मी बारामतीच्या दवाखान्यात जाऊन आले. माझ्या ओठातला तुकडा काढला, तपासाया दिला. कॅन्सर न्हाय म्हणाला डागदर. पर त्याच वाटंला लागलंय. मिसरी थांबली तर त्ये बी थांबंल, न्हाईतर त्यो सांगू शकत न्हाय. आता मला सांगा, म्हटलं, ह्ये कुणाला दिसलं पयल्यांदा? तुला दिसलं का, हिंदुराव? दिवाळीला पाया पडायला येतोस. माझ्या पोराला दिसलं? रोज समोर जेवतो. नऊ वर्साच्या पोरीला दिसलं. कारण तिला तोंडात बघायला शिकवलं हिनं.

संजीवनी : हिंदुरावांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

राजलक्ष्मी : मग काका काय म्हणाले?

तानूबाई : त्यो लई हुशार. म्हणाला, बरोबर हाय काकू. दात घासणं, तोंड बघणं, सगळं चालू ठेवू. फकस्त त्यो न्हाय म्हणायचा तास तेवढा बंद करू.

राजलक्ष्मी : मग तू?

तानूबाई : म्हटलं, न्हाय.

राजलक्ष्मी : आन्?

तानूबाई : आन् काय? बसले खाली.

संजीवनी : अगं, पुढं काहीच बोलल्या नाहीत. हिंदुराव वाट बघत राहिले, आता काकू कारण सांगतील म्हणून.

तानूबाई : त्येला कारण काय सांगायचं? पोरीनं मला डबा टाकून दावलं, तव्यापुढं बसून दावलं. नुसतं तोंड बघाया शिकवलं असतं तर बघून गप बसली असती. आमच्या घरात बघून गप बसणारी लई हायती.

राजलक्ष्मी : म्हणजे तास चालू राहणार ना, बाई?

संजीवनी : ते अजून ठरलं नाही. विषय पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले. वरती कळवणार आहेत.

तानूबाई : कळवू द्या. तवर काय करणार तुमी?

संजीवनी : तोवर घेणार.

तानूबाई : आन् वरनं बंद करा असं आलं तर?

संजीवनी : तर त्यांना नाही म्हणेन. मग जे होईल ते होईल. तुमच्याशी भांडून झालंय, आता वरच्यांची काय भीती?

तानूबाई : हसू नगा. माझा राग गेल्याला न्हाय तुमच्यावरचा. तुमाला काय, आरसा हातात दिला न् मोकळ्या झाला. हितं माझी सकाळ लई लांब झालीय. उठून बसावं, तर पुढं काय करावं कळत न्हाय. पोट साफ हुत न्हाय. कुणी बरं बोललं तरी अंगावर धावून जाती. परवा सून म्हणाली, सासूबाई, तुमाला मीच आणून देती मिसरी, पर घरातल्या माणसांना जगू द्या.

राजलक्ष्मी : आई चिडून म्हणाली ती.

तानूबाई : मला ठावं हाय चिडून म्हणाली. बिचारी गरीब हाय, म्हणून एवढ्यावर भागलं.

संजीवनी : डॉक्टरांनी गोळ्या, चघळायला काही दिलंय का?

तानूबाई : दिलंय. त्येला चव न्हाय. बडीशेप खा म्हणत्यात, ती मी खाती. शेरडावानी दिवसभर तोंड हलतंय... आन् रानात गेलं की बाया खुरपायला बसायच्या आधी डबा फिरवत्यात. माझ्यापाशी आला की सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत्यात. म्हणत्यात, तानूबाई, नातीचं भ्याव वाटतं व्हय?

राजलक्ष्मी : तू काय म्हणतीस?

तानूबाई : कधी पुढं सारती डबा. परवा न्हाय सारला.

राजलक्ष्मी : लावलीस?

तानूबाई : लावली. खोटं कशाला सांगू.

राजलक्ष्मी : मला बोलली न्हाईस.

तानूबाई : तोंड पाडू नगंस. काल त्याच बायात बसले व्हते, त्याच बांधावर. डबा आला, गेला. बसून राह्यले. लई जड गेलं. तुला बी गेलंच की, त्या दिशी चुलीपाशी. मी बघितलंय.

संजीवनी : राजलक्ष्मी, तुझं कसं आहे आता? अजून वाटतं का?

राजलक्ष्मी : वास आला की वाटतं. वैष्णवीच्या घरावरनं जाताना. मग मी रस्त्याच्या पलीकडनं जाती.

संजीवनी : आणि वाचताना?

राजलक्ष्मी : अक्षरं हलत न्हाईत आता.

तानूबाई : काल मला धडा वाचून दावला हिनं. कुठं अडली न्हाय. मला कळलं न्हाय काय व्हतं त्यात, पर अडली न्हाय.

संजीवनी : आजी, एक विचारू? शनिवारी याल का वर्गात? मुलांसमोर.

तानूबाई : मी? वर्गात? मी कवा शाळंची पायरी चढली व्हती? ती बी चढले तर भांडायला.

संजीवनी : भांडायलाच या. पण मुलांना एवढं सांगा, की मी मिसरी सोडली.

तानूबाई : येईन. पर त्ये सांगणार न्हाय.

संजीवनी : का?

तानूबाई : अजून सोडलीय कुठं? सोडली म्हणू नगा, बाई. आज लावली न्हाय, एवढंच म्हणा.